आधी लेझर, मग फोटॉन: प्रोग्रॅमेबल फोटॉनिक चिपवर क्वांटम प्रयोग शिकताना

फोटॉनिक क्वांटम संगणनात, म्हणजे प्रकाशाचे कण (फोटॉन) वापरून करायच्या क्वांटम संगणनात, नव्याने उतरणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात दोन फोटॉनचं व्यतिकरण बघायचं असतं. ही ओढ मला कळते. या विषयाचं खरं आकर्षण तिथेच आहे. तरीही माझा आग्रह असा, की चिपची पूर्ण ओळख झाल्याशिवाय तिच्यात एकही फोटॉन सोडू नये. ओळख करून घ्यायला साधा लेझर आणि पॉवर मीटर पुरतो. या क्षेत्रातला बराचसा वेळ कॅलिब्रेशनमध्ये जातो, आणि ते ज्याला मनापासून जमलं त्याचे क्वांटम प्रयोग पुढे भराभर होतात.

हा लेख भौतिकशास्त्र किंवा इलेक्ट्रॉनिक्समध्ये पदवीच्या शेवटच्या वर्षाला किंवा पदव्युत्तर वर्गात असणाऱ्यांसाठी आहे. मॅट्रिक्सचा गुणाकार आणि संमिश्र संख्या येत असतील तर बाकीचं वाटेत जमेल.

चिपमध्ये असतं काय

सिलिकॉनची चिप घेतली तर तिच्यावर साधारण ५०० नॅनोमीटर रुंद आणि २२० नॅनोमीटर जाड अशा सिलिकॉनच्या पट्ट्या असतात. त्यांच्याभोवती काच, म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. १५५० नॅनोमीटर तरंगलांबीला सिलिकॉनचा अपवर्तनांक ३.४८ च्या आसपास आणि काचेचा १.४४. हा फरक मोठा असल्याने प्रकाश पट्टीतच अडकून राहतो आणि अवघ्या पाच मायक्रोमीटर त्रिज्येचं वळणही घेतो. या पट्टीला वेव्हगाइड म्हणतात.

दोन वेव्हगाइड एकमेकांच्या अगदी जवळून नेले की एकातला प्रकाश दुसऱ्यात झिरपतो. जवळून जाण्याची लांबी नेमकी ठेवली तर अर्धा प्रकाश इकडे, अर्धा तिकडे. हा झाला कपलर. असे दोन कपलर एकामागे एक, आणि मधल्या दोन वाटांपैकी एकीवर धातूची बारीक पट्टी, म्हणजे हीटर: हे माख-झेंडर इंटरफेरोमीटर. हीटर तापवला की त्याखालच्या सिलिकॉनचा अपवर्तनांक बदलतो, त्या वाटेवरच्या प्रकाशाचा फेज सरकतो आणि बाहेर पडताना प्रकाश कोणत्या तोंडाने किती जाईल ते बदलतं.

हा बदल किती लागतो ते एकदा हाताने काढून बघा. सिलिकॉनचा अपवर्तनांक दर अंशाला सुमारे ०.०००१८ ने वाढतो. फेज पाय रेडियनने सरकवायचा तर प्रकाशीय लांबीत अर्ध्या तरंगलांबीचा, म्हणजे ०.७७५ मायक्रोमीटरचा फरक पडायला हवा. हीटरची लांबी २०० मायक्रोमीटर असेल तर त्यासाठी सुमारे २१.५ अंश तापमानवाढ पुरते. एवढ्याशा तापमानावर सगळा खेळ चालतो, त्यामुळे चिपचं तापमान अर्धा अंश जरी इकडेतिकडे झालं तरी त्याची दखल घ्यावी लागते.

इंटरफेरोमीटरच्या आतल्या हीटरचा फेज थीटा, आणि बाहेर एका वाटेवर आणखी एक हीटर असतो त्याचा फेज फाय. थीटा प्रकाशाची वाटणी ठरवतो, फाय दोन वाटांमधला सापेक्ष फेज.

असे अनेक इंटरफेरोमीटर जाळीसारखे जोडले की कोणतंही युनिटरी मॅट्रिक्स, म्हणजे प्रकाशाची एकूण शक्ती कायम ठेवणारं मॅट्रिक्स, प्रत्यक्षात आणता येतं. हे १९९४ मध्ये रेक, झायलिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्रिकोणी मांडणीसाठी दाखवलं. २०१६ मध्ये क्लेमेंट्स आणि सहकाऱ्यांनी आयताकृती मांडणी दिली. तीत इंटरफेरोमीटर तेवढेच, पण प्रकाशाला पार करायची खोली जवळपास निम्मी आणि सगळ्या वाटांवरचं नुकसान बरंचसं सारखं. वाटांची संख्या, जिला मोड म्हणतात, ६ असेल तर १५ इंटरफेरोमीटर लागतात, १२ असेल तर ६६, आणि २० असेल तर १९०. २०१५ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या गटाने जपानच्या एनटीटीने बनवलेल्या काचेच्या चिपवर ६ मोड, १५ इंटरफेरोमीटर आणि ३० हीटर घेऊन एकाच चिपवर क्वांटम गेट (क्वांटम संगणनाची मूलभूत क्रिया) आणि बोसॉन सॅम्पलिंग (अनेक फोटॉन जाळीतून कुठे कसे बाहेर पडतात ते मोजण्याचा प्रयोग) दोन्ही करून दाखवलं. आधी दर प्रयोगाला नवी चिप लागायची. इथे फक्त व्होल्टेज बदलायचे. प्रोग्रॅमेबल म्हणतात ते यासाठी.

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. चिप म्हणजे एक मॅट्रिक्स आहे, आणि एकटा फोटॉन त्या मॅट्रिक्समधून जाताना ज्या संभाव्यतेने बाहेर पडतो ती संभाव्यता लेझरच्या प्रकाशाच्या वाटणीइतकीच असते. इनपुट २ मधून सोडलेल्या लेझरचा ३० टक्के प्रकाश आउटपुट ५ ला येत असेल, तर तिथून सोडलेला एकटा फोटॉनही १०० पैकी सरासरी ३० वेळा तिथेच दिसेल. वेगळेपणा सुरू होतो तो दोन किंवा अधिक एकसारखे फोटॉन एकत्र आत गेल्यावर. म्हणून मॅट्रिक्स बरोबर बसलंय की नाही हे लेझरने मिनिटांत तपासता येतं, तर तेच फोटॉन मोजत करायला तास लागतात.

पायरी १: संगणकावर सगळं एकदा करून बघा

पायथॉन येत असेल तर पॅरिसजवळच्या क्वांडेला या कंपनीची पर्सेवाल ही मुक्तस्रोत लायब्ररी घ्या. टोरांटोच्या झॅनाडूची स्ट्रॉबेरी फील्ड्सही आहे, पण तिचा भर स्क्वीझ्ड प्रकाशावर, म्हणजे ज्याचा क्वांटम गोंगाट एका बाजूने दाबलेला असतो अशा प्रकाशावर आहे. एकेकट्या फोटॉनचे प्रयोग करायचे तर पर्सेवाल सोयीची.

पहिलं काम: दोन मोडांचा अर्धा-अर्धा कपलर काढा, दोन्ही तोंडांतून एकेक फोटॉन सोडा आणि उत्तर बघा. दोन्ही फोटॉन नेहमी एकाच बाजूने, जोडीने बाहेर पडतात. एक इकडे एक तिकडे असं कधीच होत नाही. हाच १९८७ चा हाँग-ऊ-मांडेल परिणाम. तो हातानेही काढा. दोघेही आरपार गेले तर एक वाट, दोघेही पलीकडे वळले तर दुसरी वाट. दोन्हींचे ॲम्प्लिट्यूड सारखे आणि चिन्हं उलट, म्हणून बेरीज शून्य. गणितात ही बेरीज मॅट्रिक्सचा परमनंट असते. डिटरमिनंटसारखीच, फक्त सगळी चिन्हं अधिक. फोटॉन वाढले की परमनंट काढणं प्रचंड जड होतं, आणि आरॉन्सन व अर्खिपोव्ह यांनी २०११ मध्ये मांडलेलं बोसॉन सॅम्पलिंग याच गोष्टीवर उभं आहे.

दुसरं काम: एखादं यादृच्छिक ६ बाय ६ युनिटरी घ्या, लायब्ररीकडून त्याचं १५ इंटरफेरोमीटरमध्ये विघटन करून घ्या, मिळालेले थीटा आणि फाय पुन्हा जोडून मूळ मॅट्रिक्स परत येतं का ते तपासा. इथे एक खाचखळगा आहे. कपलरचं मॅट्रिक्स लिहायच्या पद्धती एकाहून जास्त आहेत. काही ठिकाणी परावर्तनाला ऋण चिन्ह देतात, काही ठिकाणी संमिश्र एकक. तुमची लायब्ररी कोणती पद्धत वापरते आणि चिपच्या नियंत्रण सॉफ्टवेअरची कोणती, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे आउटपुट जवळजवळ बरोबर पण थोडं बिनसलेलं दिसलं तर आधी हेच पान उघडा.

तिसरं काम बहुतेक जण गाळतात, ते गाळू नका. सिम्युलेशनमध्ये दोष घाला: कपलर ५०-५० ऐवजी ४५-५५, फेजमध्ये थोडी चूक, प्रत्येक टप्प्यावर थोडं नुकसान. दोन्ही कपलर ४५-५५ झाले तर इंटरफेरोमीटर पूर्ण ओलांडणीच्या स्थितीत, म्हणजे प्रकाश एका वाटेवरून पूर्णपणे दुसऱ्या वाटेवर पाठवायचा असताना, ९९ टक्केच पाठवतो. उरलेला १ टक्का चुकीच्या वाटेने जातो आणि हीटर कसाही फिरवला तरी तो थांबत नाही. उलट सरळ जाण्याच्या स्थितीत, दोन्ही कपलर एकसारखे असतील तर, अशी गळती होत नाही. प्रत्यक्ष चिप समोर आल्यावर काय अपेक्षा ठेवायची हे यातून कळतं.

पायरी २: चिप कुठे मिळणार

स्वतः चिप बनवायची सुरुवातीला गरज नाही. क्लाउडवरून चालणारी यंत्रं आहेत; क्वांडेलाच्या यंत्रात प्रोग्रॅमेबल चिप आहे आणि पर्सेवालमध्ये लिहिलेलाच प्रोग्रॅम तिच्यावर पाठवता येतो. प्रयोगशाळेत तयार यंत्र आणायचं असेल तर नेदरलँड्समधल्या एन्स्खेडेची क्विक्स क्वांटम सिलिकॉन नायट्राइडचे १२ आणि २० मोडांचे प्रोसेसर बनवते.

स्वतःची रचना करून बघायचीच असेल तर एकाच वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या गोल चकतीवर, अनेकांच्या रचना एकत्र छापण्याची सोय असते, तिला मल्टी प्रोजेक्ट वेफर म्हणतात. साउथॅम्प्टनचं कॉर्नरस्टोन, बेल्जियमचं आयमेक, सिंगापूरचं एएमएफ अशा ठिकाणी वर्षातून ठराविक वेळा या फेऱ्या निघतात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या लुकास क्रोस्टोव्स्की यांचा एडएक्सवरचा सिलिकॉन फोटॉनिक्सचा अभ्यासक्रम याची उत्तम सुरुवात आहे. त्यात तुम्ही काढलेली रचना खरोखर बनवली जाते आणि तिच्या मोजमापाचा डेटा तुमच्या हाती येतो. रचना काढायला केलेआउट आणि जीडीएसफॅक्टरी ही दोन्ही साधनं मुक्तस्रोत आहेत.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना माहीत असावं म्हणून: आयआयटी मद्रासमध्ये प्रोग्रॅमेबल फोटॉनिक सर्किटवरच काम करणारं केंद्र आहे, बंगळुरूच्या आयआयएससीत चिप बनवण्याची सोय आहे. एप्रिल २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये आयआयटी मुंबईकडे क्वांटम सेन्सिंग आणि मापनशास्त्राचं केंद्र आहे, आणि पुण्यात आयसरचं आय-हब हे क्वांटम तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. मुंबई-पुण्यात शिकणाऱ्याने प्रकल्पासाठी या दोन ठिकाणी जरूर चौकशी करावी.

साहित्य निवडताना एवढं लक्षात घ्या. सिलिकॉनमध्ये रचना लहान होते, हीटरला वीसेक मिलिवॉटमध्ये पाय रेडियनचा फेज मिळतो, आणि चिपवरच फोटॉनच्या जोड्याही तयार करता येतात. पण वेव्हगाइडमध्ये दर सेंटिमीटरला एक-दोन डेसिबल (३ डेसिबल म्हणजे अर्धा प्रकाश) जातात. सिलिकॉन नायट्राइडमध्ये हे नुकसान कितीतरी कमी, पण हीटरला शेकडो मिलिवॉट लागतात आणि ती सगळी उष्णता बाहेर काढावी लागते. जोड्या बाहेर बनवून चिपमध्ये सोडायच्या असतील तर नवख्याने नायट्राइड घ्यावं, असं माझं मत आहे.

पायरी ३: फायबर

चिप फायबरसकट चिकटवून आलेलीच घ्या. उघड्या चिपवर फायबर जुळवणं शिकण्यासारखं आहे, पण ते दर वेळी करत बसलात तर मूळ प्रयोग राहून जाईल. फायबरच्या ओळीत दोन फायबरमधलं अंतर सहसा १२७ किंवा २५० मायक्रोमीटर असतं. चिपच्या रचनेतलं अंतर तेच आहे ना, हे ऑर्डर देण्याआधी बघा.

कनेक्टरकडे विशेष लक्ष द्या. हिरव्या टोपणाचे कनेक्टर ८ अंशांनी तिरके घासलेले असतात, निळे सरळ. हिरवा आणि निळा एकमेकांना जोडलात तर मध्ये फट राहते आणि प्रकाशाचा मोठा भाग वाया जातो. शिवाय प्रत्येक जोडणीआधी टोक सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, क्लिक क्लीनरने पुसायचं, पुन्हा बघायचं, मग जोडायचं. फायबरच्या गाभ्याचा व्यास जेमतेम ९ मायक्रोमीटर असतो; त्यावर बसलेला धुळीचा एक कण पुरेसा आहे. वापरात नसलेल्या प्रत्येक टोकाला टोपण लावा. १५५० नॅनोमीटरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, म्हणून लेझर चालू असताना फायबरच्या तोंडात कधीही डोकावू नका.

चिपवरचे वेव्हगाइड सहसा एकाच पोलरायझेशनसाठी बनवलेले असतात. लेझर आणि चिप यांच्या मध्ये पोलरायझेशन कंट्रोलर ठेवा, आउटपुट जास्तीत जास्त होईपर्यंत त्याचे पंखे फिरवा, मग फायबर टेपने टेबलावर पक्कं करा. हललेलं फायबर म्हणजे फिरलेलं पोलरायझेशन.

पायरी ४: तापमान आणि व्होल्टेज

चिपखाली पेल्टिअर (विजेवर तापवणारी-थंड करणारी पट्टी) आणि थर्मिस्टर (तापमान मोजणारा रोध) हवेच. तापमान खोलीपेक्षा थोडं वर, समजा २५ किंवा ३० अंशांवर धरून ठेवा. सगळे हीटर एकदम चालू केले तरी ते हलत नाही ना, हे पहिल्याच दिवशी बघा. सिलिकॉनच्या चिपवर ३० हीटर सरासरी २० मिलिवॉटने चालले तर एकूण ०.६ वॉट होतात. पेल्टिअर एवढं सहज सांभाळतो. नायट्राइडमध्ये हाच हिशोब दहा वॉटच्या आसपास जाऊ शकतो, तिथे चांगला हीटसिंक लागतो.

हीटर चालवायला १६ बिटचा, अनेक चॅनेलचा व्होल्टेज किंवा करंट स्रोत लागतो. स्वतः बांधणार असाल तर प्रत्येक चॅनेलला कमाल मर्यादा सॉफ्टवेअरमध्ये नको, हार्डवेअरमध्येच घाला. कोडमधल्या एका शून्याच्या चुकीने हीटर जळतो आणि जळलेला हीटर दुरुस्त होत नाही.

पायरी ५: कॅलिब्रेशन

इथे थांबा, सावकाश वाचा. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

आधी एकच हीटर घ्या. समजा त्याचा रोध ६०० ओहम आहे. २० मिलिवॉटला सुमारे ३.५ व्होल्ट लागतील, ४० मिलिवॉटला ४.९. फेज हा व्होल्टेजच्या नव्हे, शक्तीच्या प्रमाणात सरकतो, आणि शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. याचा व्यवहारात अर्थ असा: ० ते ४.९ व्होल्ट ०.१ च्या समान पायऱ्यांनी गेलात तर पहिल्या पायरीला ०.०१७ मिलिवॉटची भर पडते आणि शेवटच्या पायरीला १.६ मिलिवॉटची. आलेखाच्या सुरुवातीला बिंदूंची गर्दी, शेवटाला दुष्काळ. म्हणून पायऱ्या व्होल्टेजच्या वर्गात समान ठेवा. असं केलं की आउटपुट विरुद्ध शक्ती हा आलेख सुरेख कोसाइन येतो. त्याला बसवायचं सूत्र साधं: एक स्थिर भाग, अधिक एक कोसाइन, ज्यात शून्य शक्तीचा फेज आणि दर मिलिवॉटमागचा फेज हे दोन अज्ञात.

शून्य शक्तीचा फेज शून्य असेल असं धरू नका. वेव्हगाइडच्या रुंदीत बनवताना नॅनोमीटरचा फरक राहतोच, त्यामुळे प्रत्येक इंटरफेरोमीटर स्वतःच्या मर्जीच्या फेजवर जन्माला येतो. हीटर तापला की त्याचा रोधही थोडा वाढतो, म्हणून फक्त व्होल्टेज लावून स्वस्थ बसू नका. करंटही मोजा आणि खरी शक्ती काढा.

आता पूर्ण जाळी. ६ मोडांची आयताकृती मांडणी घेऊ. पहिल्या स्तंभात मोड १-२, ३-४, ५-६ यांना जोडणारे तीन इंटरफेरोमीटर, दुसऱ्यात २-३ आणि ४-५ यांना जोडणारे दोन, मग पुन्हा तीन, पुन्हा दोन, असे सहा स्तंभ. इनपुट १ मध्ये लेझर द्या आणि फक्त आउटपुट ६ बघा. मोड १ वरून ६ वर पोचायचं तर पाच वेळा खाली उतरावं लागतं, आणि तसं उतरायला पहिल्या स्तंभापासून पाचव्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी ओलांडत जाण्यावाचून दुसरी वाट नाही. म्हणजे आउटपुट ६ ची शक्ती त्या पाच इंटरफेरोमीटरच्या ओलांडणीचा निव्वळ गुणाकार आहे. बाकी दहा कोणत्याही स्थितीत असोत, फरक पडत नाही. तेव्हा या पाचांतला एकेक हीटर फिरवा, आउटपुट ६ जास्तीत जास्त करा, दुसऱ्याकडे जा, पुन्हा पहिल्याकडे या. दोन-तीन फेऱ्यांत पाचही थीटा सापडतात. सुरुवातीला सिग्नल जवळजवळ दिसतच नसेल तर घाबरू नका. पाचांतला एखादा सरळ जाण्याच्या स्थितीत जन्मलेला असतो, तो हलवला की प्रकाश उगवतो.

मग इनपुट ६ मधून आउटपुट १ बघत उलटा कर्ण करा. दोन्ही कर्ण तिसऱ्या स्तंभातल्या ३-४ च्या इंटरफेरोमीटरमध्ये छेदतात, म्हणून एकूण नऊ सापडले. उरलेल्या सहांकडे प्रकाश पोचवायला आता या नऊंचा स्विच म्हणून वापर करा: हव्या त्या वाटेवर ओलांडणी, नको त्या वाटेवर सरळ.

फाय थोडे अवघड. एकटा फाय आउटपुटच्या शक्तीत दिसत नाही. त्यासाठी आधीचा एक इंटरफेरोमीटर अर्ध्यावर ठेवायचा, नंतरचा एक अर्ध्यावर ठेवायचा, मधले सगळे सरळ किंवा ओलांडणीत, म्हणजे दोघांमध्ये एक मोठा इंटरफेरोमीटर तयार होतो. त्याच्या एका बाजूवरचा फाय फिरवला की कोसाइन दिसतो. थीटा पक्के नसतील तर हे मोजमाप भरकटतं, म्हणून क्रम बदलू नका.

शेवटी शेजाऱ्यांचा त्रास. एक हीटर तापला की बाजूचा वेव्हगाइडही थोडा तापतो. प्रत्येक हीटर फिरवून इतरांचे फेज किती सरकतात ते मोजा आणि त्याचं कोष्टक करा. फेजचा संच हा शक्तींच्या संचाला या कोष्टकाने गुणून मिळतो. हवे असलेले फेज ठाऊक असले की उलटं मॅट्रिक्स काढून शक्ती ठरवायच्या. सामायिक ग्राउंड वायरमुळेही असाच परस्परपरिणाम होतो आणि तो उष्णतेच्या परिणामासारखाच दिसतो. दोन्ही वेगळे करायचे तर वेळेकडे बघा: विजेचा परिणाम तत्काळ होतो, उष्णतेचा सावकाश.

कॅलिब्रेशन झालं असं कधी म्हणायचं? काही यादृच्छिक युनिटरी मॅट्रिक्स चिपवर चढवा, प्रत्येक इनपुटमधून लेझर देऊन सहाही आउटपुट मोजा, प्रत्येक इनपुटची बेरीज १ करून घ्या आणि गणिताने आलेल्या वाटणीशी ताडून बघा. हीच तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळी, काहीही न बदलता, पुन्हा करा. आदल्या दिवशीचे आकडे तसेच आले तर पुढे जा.

पायरी ६: नुकसानीचा जमाखर्च

३ डेसिबल म्हणजे अर्धा प्रकाश गेला, १० म्हणजे एक दशांश उरला. समजा चिपमध्ये शिरताना ३ डेसिबल, चिपमध्ये १, बाहेर पडताना ३. एकूण ७, म्हणजे २० टक्के प्रकाश उरला. डिटेक्टरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर १८ टक्के. एका फोटॉनला हे चालून जातं. दोन फोटॉन दोन्ही दिसायची शक्यता १८ टक्क्यांचा वर्ग, सुमारे ३.२ टक्के. चार फोटॉनना एक हजारांत एक. फोटॉनगणिक नुकसान घातांकाने मारतं, म्हणून एकेका डेसिबलसाठी झगडा करायचा. हा जमाखर्च प्रत्येक इनपुट-आउटपुट जोडीसाठी लेझरनेच काढून ठेवा.

पायरी ७: फोटॉन आणि डिटेक्टर

सुरुवातीला सगळ्यात भरवशाचा स्रोत म्हणजे पीपीकेटीपी स्फटिक: ७७५ नॅनोमीटरचा लेझर, म्हणजे पंप, आत, १५५० च्या फोटॉनची जोडी बाहेर, दोघांचं पोलरायझेशन एकमेकांना काटकोनात, त्यामुळे वेगळे करायला सोपे. सिलिकॉनच्या चिपवरच जोड्या बनवायच्या तर पंप आणि फोटॉन यांच्या तरंगलांबी जवळजवळ असतात आणि पंप अडवायला शंभर डेसिबलच्या घरातलं फिल्टरिंग लागतं. ते काम दुसऱ्या टप्प्यावर ठेवा. क्वांटम डॉटचे (एका वेळी एकच फोटॉन देणाऱ्या अर्धवाहकाच्या सूक्ष्म कणांचे) स्रोत उत्तम असतात, पण ते थंड ठेवायला क्रायोस्टॅट लागतो.

डिटेक्टर दोन प्रकारचे. अतिवाहक नॅनोवायरचे डिटेक्टर दोन-तीन केल्विनवर चालतात आणि ९० टक्क्यांवर फोटॉन पकडू शकतात. किंमत आणि क्रायोस्टॅट यांची तयारी हवी. इंडियम गॅलियम आर्सेनाइडचे ॲव्हलांश डिटेक्टर स्वस्त, पण कार्यक्षमता १० ते २५ टक्के. ८०० नॅनोमीटरला उत्तम चालणारा सिलिकॉनचा डिटेक्टर १५५० ला आंधळा असतो. जुन्या प्रयोगशाळेतून उसना आणण्याआधी हे बघून घ्या.

डिटेक्टरचे पल्स टाइम टॅगरकडे, म्हणजे प्रत्येक पल्सची वेळ नोंदवणाऱ्या यंत्राकडे, जातात आणि ठराविक खिडकीत दोन पल्स आले की त्याला कोइन्सिडन्स म्हणतात. खिडकी १ नॅनोसेकंदाची ठेवा. योगायोगाने जुळणारे किती असतील तेही काढा: दोन्ही डिटेक्टरवर सेकंदाला १ लाख पल्स असतील तर १ लाख गुणिले १ लाख गुणिले १ नॅनोसेकंद, म्हणजे सेकंदाला १०. एवढे मोजणीतून वजा करावे लागतील.

पायरी ८: दोन फोटॉनची पहिली भेट

एक इंटरफेरोमीटर निवडा, थीटा अर्ध्या-अर्ध्या वाटणीवर ठेवा आणि बाकीची जाळी फक्त वाट दाखवायला लावा. दोन फोटॉन दोन तोंडांतून सोडा. त्यांपैकी एकाच्या वाटेत मोटरवर चालणारी, हवेतून जाणारी विलंबपट्टी असावी.

आधी दोन्ही फायबरची लांबी जुळवा. फायबरमधला १ सेंटिमीटरचा फरक म्हणजे हवेतला सुमारे १.५ सेंटिमीटर. १ नॅनोमीटर रुंदीचा फिल्टर लावला तर फोटॉनची सुसंगती लांबी, म्हणजे विलंबातला जेवढा फरक असेपर्यंत दोघांचं व्यतिकरण होतं ती, अडीच मिलिमीटरच्या आसपास येते. शोधताना अर्ध्या मिलिमीटरच्या पायऱ्यांनी गेलात तर कोइन्सिडन्सच्या आलेखातला खड्डा हुकत नाही, सापडला की पायऱ्या बारीक करा. कोइन्सिडन्स एकदम खाली उतरतात. तो खड्डा पहिल्यांदा पडद्यावर उमटताना बघणं फार आनंदाचं असतं.

खड्ड्याची खोली, म्हणजे व्हिजिबिलिटी, मोजा. दूरच्या विलंबाला असलेल्या कोइन्सिडन्सपैकी किती टक्के नाहीशा झाल्या ते ही खोली सांगते. साध्या तरंगांनी ५० टक्क्यांपर्यंत मजल जाते. त्यावर गेलात तर फोटॉनचं क्वांटम व्यतिकरण आहे. ९० च्या खाली असेल तर क्रमाने तपासा: वाटणी खरंच अर्धी आहे का, दोघांचं पोलरायझेशन सारखं आहे का, तरंगलांबी सारखी आहे का, पंप जास्त असल्याने एका वेळी दोन-दोन जोड्या तर बनत नाहीत ना. शेवटची शंका तपासायला पंप निम्मा करा. व्हिजिबिलिटी वाढली तर कारण सापडलं.

मग विलंब खड्ड्याच्या तळाशी ठेवून थीटा फिरवा. एकट्या फोटॉनचा आलेख थीटाच्या एका फेरीत एकदा वर-खाली होतो, जोडीचा दोनदा. चिपवर हा प्रयोग मिनिटांत होतो, कारण हलणारा एकही भाग नाही, फक्त एका हीटरचं व्होल्टेज.

पायरी ९: गेट

एक क्युबिट म्हणजे एक फोटॉन आणि दोन वेव्हगाइड: वरच्यात असेल तर शून्य, खालच्यात असेल तर एक. दोन क्युबिटना चार मोड, आणि दोन रिकामे मोड धरून सहा. सहा मोडांच्या या चिपवर नियंत्रित नॉट गेट बसतं: नियंत्रक क्युबिट एक असेल तरच ते दुसरा क्युबिट उलटवतं. त्यात एक तृतीयांश वाटणीचे कपलर लागतात आणि योग्य जागी एकेक फोटॉन आला तरच निकाल धरायचा असतो. असं ९ पैकी एकदाच होतं. फोटॉन एकमेकांवर थेट परिणाम करत नाहीत, म्हणून रेषीय प्रकाशिकीत गेटला ही किंमत मोजावी लागते. निल, लाफ्लाम आणि मिलबर्न यांनी २००१ मध्ये दाखवलं की जादाचे फोटॉन आणि मोजमापाची मदत घेऊन यातून मोठा संगणकही तत्त्वतः उभा राहू शकतो.

किती मोजणी मिळेल ते आधीच काढा. सेकंदाला १ लाख जोड्या चिपच्या तोंडाशी आल्या तर वरच्या जमाखर्चाप्रमाणे ३,२४० दिसतील, आणि गेटच्या नवव्या हिश्श्याने ३६०. सत्यता कोष्टकाच्या चार ओळींना मिनिटभर मोजलं तरी आकडे पुरेसे भक्कम येतात.

सत्यता कोष्टक बरोबर आलं म्हणून थांबू नका. तेवढं साध्या तर्कपरिपथालाही जमतं. नियंत्रक क्युबिट शून्य आणि एकच्या अध्यारोपणात द्या, म्हणजे बाहेर गुंतलेली जोडी यायला हवी, आणि ती दोन वेगवेगळ्या आधारांमध्ये मोजा. आधार बदलायला नवं उपकरण लागत नाही: तयारी, गेट आणि मोजमापाचं फिरवणं या तिन्हींचा गुणाकार करून जे एक ६ बाय ६ मॅट्रिक्स येतं तेच चिपवर चढवा. मॅट्रिक्स बदललं की कॅलिब्रेशनची छोटी तपासणी लेझरने पुन्हा करायची, हे मात्र सोडू नका.

त्याच चिपवर पुढचा प्रयोग तीन फोटॉनचा. एक यादृच्छिक युनिटरी चढवा, इनपुट १, २ आणि ३ मधून एकेक फोटॉन द्या, आणि तीन वेगवेगळ्या आउटपुटवर एकाच वेळी येणाऱ्या घटना मोजा. सहा आउटपुटमधून तीन निवडायचे २० प्रकार, प्रत्येकासाठी एक ३ बाय ३ परमनंट. तिसऱ्या फोटॉनसाठी दुसरी जोडी बनवावी लागते आणि तिचा चौथा फोटॉन सूचक म्हणून, म्हणजे बाकीचे निघाल्याची खूण म्हणून, वापरायचा असतो, त्यामुळे घटना खूप विरळ येतात. मोजणी रात्रभर चालू द्या. वीसही परमनंट आदल्या दिवशी संगणकावर काढून ठेवा. त्यांच्या शेजारी दुसरा स्तंभ करा, फोटॉन एकसारखे नसते तर आल्या असत्या त्या संभाव्यतांचा. सकाळी मोजलेले आकडे तिसऱ्या स्तंभात भरा आणि ते कोणत्या स्तंभाला जवळचे आहेत ते बघा.